मावेल एवढं शेत

विमानाच्या खिडकीतून मी एकूण त्रेचाळीस फोटो काढले. त्यातले एकतीस विमानाच्या पंखाचे आहेत, सात माझ्या अंगठ्याचे आणि चार माझ्या लेकीच्या, नंदिनीच्या डोक्याचे. उरलेला एक चांगला आला. पुढचा सगळा घोळ त्या एका चांगल्या फोटोने केला. अंगठ्याच्या फोटोंनी आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही.

सुरुवात झाली ती आत्याबाईंच्या डोळ्यांपासून. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, छबूबाई. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता आणि डाव्यात आता एक भोक तेवढं उरलं होतं. आमच्या परभणीच्या कॉलनीत जो तो येऊन सांगायचा, "मोतीबिंदू असेल, काढून टाका, पंधरा मिनिटांचं काम आहे." पण हा मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. डॉक्टरांनी कागदाची सुरळी केली, आमच्या ह्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "यातून बघा. तुमच्या आईला एवढंच दिसतं." ह्यांनी सुरळीतून इकडेतिकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "साहेब, एक वाजला." सुरळीत भिंतीवरचं घड्याळ आलं होतं. कृषी विद्यापीठात कारकून असलेल्या माणसाला कुठूनही बघायला दिलं तरी घड्याळच दिसतं.

डॉक्टर हसले नाहीत. "गेलेलं परत येत नाही. आहे ते किती दिवस टिकेल, तेही सांगता येणार नाही. एकदा हैदराबादला दाखवून या," म्हणाले.

दसऱ्याला आम्ही गावी, पेडगावला गेलो. आत्याबाई म्हणाल्या, शेत बघायचंय. मी त्यांना बांधावर उभं केलं. सोयाबीन काढायला आलेलं होतं. आत्याबाई कोंबडीसारखी मान वळवत राहिल्या, इकडे, तिकडे, खाली, वर. मग म्हणाल्या, "एक झाड दिसायलंय. दुसरं बगाया जावं तर पयलं जायलंय. शेत कुठं हाय गं पंकजे?"

त्या शेताच्याच मधोमध उभ्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी ते खुरपलेलं.

घरी आल्यावर मी गच्चीवर गेले आणि कागदाची सुरळी डोळ्याला लावली. समोरच्या घराची पाण्याची टाकी सुरळीत मावेना. तिचं नुसतं झाकण दिसलं. पण लांबचा टॉवर अख्खा मावला, वरच्या लाल दिव्यासकट. म्हणजे वस्तू लांब गेली की भोकात बसते! शेत मोठं करणं कुणाच्याच हातात नाही, पण लहान करता येईल. त्यासाठी फक्त पुरेसं उंच जायला हवं. मला स्वतःच्या बुद्धीचं एवढं कौतुक वाटलं, की नंदिनीने त्याच वेळी माझ्या फोनवर वरण सांडलं तरी मी तिला ओरडले नाही.

मी ह्यांना म्हणाले, "आत्याबाईंना हैदराबादला विमानाने न्यायचं. नांदेडहून."

"रेल्वे परभणीहून थेट जाते," हे म्हणाले.

"रेल्वेतून शेत लहान दिसत नाही."

या वाक्याचा अर्थ ह्यांना आजही कळलेला नाही, पण लग्नाला पाच वर्षं झाल्यामुळे त्यांनी मान हलवली.

शेजारचे किशनराव काका आयुष्यात एकदा दिल्लीला विमानाने जाऊन आलेत, त्यामुळे आमच्या गल्लीतलं विमान खातं त्यांच्याकडे आहे. ते चहा प्यायला आले आणि जेवूनच गेले. "खिडकीची सीट घ्या. पण पंखावरची नको. पंख म्हणजे बघा, गॅलरीसमोर कुणीतरी पत्रे ठोकल्यावानी. फोटो काढायचा तर फोन काचेला टेकवायचा. फ्लॅश मारायचा न्हाई. अन् अंगात काळं घालायचं, म्हणजे काचेत आपलंच प्रतिबिंब येत न्हाई."

फोटो का काढायचे, तर माझा हिशेब असा होता: खिडकीतून जे निसटेल ते घरी आल्यावर त्या भोकातून सावकाश, हवं तेवढा वेळ बघता येईल. म्हणून मी काळी साडी काढली. आत्याबाईंनी ती हाताने चाचपली, डोळ्याजवळ नेली आणि म्हणाल्या, "संक्रात तर न्हाई. दवाखान्याला निगालोत का मयताला?" मी शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी माझ्या पदराला हळदीचं बोट लावलं, म्हणजे दोष गेला. सरावासाठी मी चालत्या ऑटोतून, शिवाजी चौकापासून घरापर्यंत, फोटो काढले. एका पानवाल्याने विचारलं, "मॅडम, अतिक्रमणवाल्या का?" आणि टपरी दोन फूट मागे घेतली.

इथपर्यंत सगळं माझ्या ताब्यात होतं. मग आत्याबाईंनी पेडगावला फोन केला. शेती बघतात ते माझे मोठे दीर, राधाकिशन. "राधाकिसना, मी वरून येनार हाय. शेतात कायतरी टाक, म्हंजी मला आपलं वळखू यील."

राधाकिशन भाऊजींनी ही गोष्ट मनावर घेतली. सोयाबीनच्या गंजीवरची पिवळी ताडपत्री काढून शेताच्या मधोमध अंथरायची, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, बायकांनी लाल लुगडी नेसून कडेने उभं राहायचं, आणि साडेअकराला सगळ्यांनी वर हात करायचा, असा कार्यक्रम ठरला. भाऊजी माझ्याशी कधी थेट बोलत नाहीत. थोरल्या दिराने धाकट्याच्या बायकोशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ते नंदिनीमार्फत बोलतात. नंदिनी दीड वर्षांची आहे. "नंदू, तुज्या आईला म्हनावं, विमानवाल्याला जरा खाली घ्यायला सांग," असा निरोप त्यांनी फोनवर तिला दिला. नंदिनीने फोनला चाटलं.

निघायच्या दोन दिवस आधी मी सहज फोनवर नकाशा उघडला. आयुष्यात मी नकाशा फक्त परीक्षेत पाहिला होता, तोही नद्या भरायला. नांदेड इथे. हैदराबाद खाली, उजवीकडे. परभणी डावीकडे आणि पेडगाव तर त्याच्याही पलीकडे. विमान नांदेडहून उडणार आणि पेडगावकडे पाठ करून जाणार. मी नकाशा उलटा करून पाहिला. पेडगाव जिथल्या तिथेच.

ह्यांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "विमान कधी कधी वळसा घेतं."

"पंचाहत्तर किलोमीटरचा?"

"आता सांगायचं कुणी?" हे म्हणाले आणि त्यांना एकाएकी दूध आणायचं आठवलं.

मीही सांगितलं नाही. सांगायला आत्याबाईंच्या खोलीपर्यंत दोनदा गेले. पहिल्यांदा त्या देवापुढे बसल्या होत्या. दुसऱ्यांदा त्या शेजारच्या बाईला सांगत होत्या, "माजी सून मला माजं शेत दाखवनार हाय. सगळं. एकदम." मी तशीच वळले आणि कपडे वाळत घातले, जे आधीच वाळलेले होते.

सीट अर्थातच पंखावरची मिळाली. खिडकीचा खालचा भाग पंखाने व्यापलेला, मागच्या कोपऱ्यात हातभर जग मोकळं. आत्याबाईंनी कपाळ काचेला टेकवलं. मी त्यांच्या शेजारी, मांडीवर नंदिनी, हातात फोन. हे पलीकडच्या रांगेत, डोळे मिटून. ते विमानाला भीत नाहीत. फक्त वर जाताना आणि खाली येताना त्यांना कामाचा शीण जाणवतो.

मग जमीन सुटली. मी खोटं सांगणार नाही, त्या वेळी मी सगळं विसरले. आपण जिच्यात कपडे धुतो ती गोदावरी एवढी वळणदार आहे, हे मला माहीतच नव्हतं. उन्हाचा एक डाग तिच्या पाण्यावरून आमच्याबरोबर पळत होता. शेतं सुपात पसरलेल्या सांडग्यांसारखी दिसत होती. ढगांच्या सावल्या त्यांच्यावरून गुरांसारख्या, घाई न करता चालल्या होत्या. लांब टेकड्यांच्या रांगा एकीमागे एक फिकट होत गेलेल्या, शेवटची आभाळात विरघळलेली. खाली इतकी माणसं राबत असतील आणि वर काहीच ऐकू येत नाही, याचं मला रडू यायला लागलं. तेवढ्यात नंदिनीचे कान दुखायला लागले आणि ती माझ्याही आधी रडली. मग तिने सकाळचं दूध माझ्या काळ्या साडीवर काढलं. काळ्या साडीचं प्रतिबिंब पडत नाही, पण दूध फार स्पष्ट दिसतं. एका हाताने तिला पुसत, दुसऱ्याने मी फोटो काढत होते: पंख, पंख, अंगठा, पंख.

"थांब!" आत्याबाई म्हणाल्या.

मी थांबले.

"मावायलंय," त्या हळूच म्हणाल्या. "पंकजे, सगळं मावायलंय गं. बांदाला बांद लागून. हीर दिसायली. झाडं बी."

त्यांची बोटं काचेवर पसरली होती. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "ती बग ताडपत्री! पिवळी! चौकोनी! आपलीच हाय न्हवं?"

मी वाकून पाहिलं. खाली खरंच एक पिवळा ठिपका होता. जमीन लालसर होती. आम्हाला नांदेड सोडून वीस मिनिटं झाली होती. सुगीच्या दिवसांत पिवळी ताडपत्री कुठल्या शेतात नसते? खाली कुणीतरी मका वाळत घातला असेल.

"आपलंच हाय न्हवं?" त्यांनी पुन्हा विचारलं. त्यांना मान वळवायची नव्हती. वळवली असती तर ते भोकातून निसटलं असतं.

"हो आत्याबाई," मी म्हणाले. "आपलंच."

आणि फोटो काढला. तोच तो चांगला आलेला.

आत्याबाईंनी उजवा हात वर केला आणि खिडकीतून राधाकिशनला हलवून दाखवला. खूप वेळ. मागच्या सीटवरच्या माणसाने हवाई सुंदरीला बोलावलं, आजीबाईंना काहीतरी हवंय म्हणून.

तिकडे पेडगावला साडेअकराला खरंच एक विमान गेलं. कुठलं ते देव जाणे, दोऱ्याएवढी पांढरी रेघ ओढत. सगळ्यांनी हात हलवले. "नंदू, तुज्या आईला म्हनावं, विमानानं जरासा पंख हलिवला, आमी बगितला," असा निरोप संध्याकाळी आला.

हैदराबादच्या डॉक्टरांनी डोळ्यातला दाब कमी करायचं ऑपरेशन केलं, थेंब वाढवले, आणि परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच चांगल्या खुर्चीत बसवून सांगितलं. संक्रांतीपर्यंत ते भोकही बुजलं. आत्याबाई रडल्या नाहीत. तिळगूळ द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत, "गेली नजर. पर जायच्या आदी माज्या सुनेनं मला माजं शेत दाखिवलं." बाया माझ्याकडे अशा बघत, की मला माठाआड लपावंसं वाटे.

तो फोटो घरच्या ग्रुपवर गेला होताच. पेडगावात तो शेंगदाण्यासारखा वाटला गेला. लोकांनी त्यात विहीर ओळखली, कडुलिंब ओळखला, आखाडा म्हणजे शेतातली खोप ओळखली. आमची माती काळी असताना ही तांबडी कशी, असं एकाने विचारलं. "ऊन हाय ते. वरून ऊन तांबडंच दिसतंय," असं दुसऱ्याने सांगितलं आणि शंका मिटली. आणि मग राधाकिशन भाऊजींनी फोटोत बांध पाहिला. तो एका बाजूला पोट काढून आला होता. ते पोट आमच्या बाजूला होतं.

बांधापलीकडचं शेत दगडाबाईंचं. माझ्या चुलत सासूबाई, आत्याबाईंच्या जाऊ. नवरा नाही, मूल नाही, दोन एकर आहे. भाऊजींना दहा वर्षांपासून संशय होता की दगडाबाई बांध कोरतात. आता आभाळातून पुरावा पडला होता.

ते फोटो घेऊन मोजणीच्या एका कार्यालयात गेले. तिथल्या बाबूने फोटो आडवा धरला, उभा धरला आणि कंटाळून म्हणाला, "याच्यावर विमानवाल्याचा सहीशिक्का आणा, मग बघू." भाऊजी परत आले. "नंदू, तुज्या आईला म्हनावं, विमानवाल्याचा शिक्का आनून दे. वळख झाली असंल." मी आठ दिवस डोकेदुखीने झोपून राहिले. सरकारी मोजणीची तारीख लांबची मिळाली, तेव्हा भाऊजींनी ठरवलं की गावातल्या चार जुन्या माणसांपुढे निकाल लावायचा. त्यांनी फोटोचा फ्लेक्स केला. पलंगाएवढा. चार कोपऱ्यांत घरातल्या माणसांचे चेहरे, हात जोडलेले. नंदिनीचाही. वर अक्षरं, 'हवाई पुरावा'.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सगळे बांधावर जमले. फ्लेक्स दोन बाभळींना बांधला होता. शेजारी ट्रॅक्टर तयार उभा, नवा बांध टाकायला. दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळींएवढी जमीन दगडाबाईंकडून इकडे येणार होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत्याबाईंना मुद्दाम खुर्चीवर बसवलं होतं. त्या साक्षीदार होत्या. डोळ्यांनी बघितलेलं एकच माणूस होतं, आणि त्याला आता दिसत नव्हतं.

दगडाबाई डोक्यावर पदर घेऊन फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. "आरं, विमानातून बगितल्यानं बांद सरकत असतेत का? उद्या चंद्रावर जाशील अन् माजं घर बी तुजंच म्हनशील."

"काकू, फोटो खोटं बोलत न्हाई."

"फोटू न्हाई बोलत, पर तुजं त्वांड बोलतंय."

लोक हसले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "छबूबाई, तुमी सांगा. तुमी बगितलं का हे?"

"बगितलंय," आत्याबाई म्हणाल्या. "ताडपत्री, हीर, बांद. समदं. माज्या डोळ्यानं शेवटचं त्येच बगितलंय."

दगडाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा सगळा आवाज उतरला. "तू बगितलंस छबू?"

"व्हय बाई."

"मंग घ्या," दगडाबाई बांधावरून बाजूला झाल्या. "चाळीस साल संगं खुरपलंय. छबू लबाड बोलत न्हाई. आसंल सरकला, पावसानं. चालवा तुमचं ट्याक्टर."

ट्रॅक्टर सुरू झाला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आपल्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी म्हणेल. ती तांबडी माती सगळ्यांना दिसत होती, पलंगाएवढी, आणि पायाखाली काळी.

"बंद करा," मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही. मग मी इतक्या जोरात ओरडले की कडेवरची नंदिनी दचकली. "बंद करा ते! फोटो इथला नाही. विमान इकडं आलंच नव्हतं. ते तिकडं गेलं, हैदराबादकडं. हे शेत दुसऱ्याचंच कुणाचं तरी आहे. मला तेव्हाच माहीत होतं."

ट्रॅक्टर बंद झाला. भाऊजी पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले. "आन् आमी उन्हात हात हलवत व्हतो ते?"

"ते विमान दुसरं होतं, भाऊजी."

"मला ते लिंबाचं झाड आधीच खटकलं व्हतं," ज्याने कडुलिंब ओळखला होता तोच म्हातारा म्हणाला. दुसऱ्याने विहिरीबद्दल तसंच सांगितलं. भाऊजींनी चाकूने फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या आणि आमचे सगळ्यांचे चेहरे जोडल्या हातांनी बांधावर पडले.

मी आत्याबाईंपुढे खाली बसले. त्यांचा हात हातात घेतला. तो मेल्यासारखा होता.

"तुला तवाच ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही.

"हो."

त्यांचं तोंड शेताकडे होतं. काढणी झालेलं, मोकळं, समोर पसरलेलं शेत, आणि त्यांच्यापुढे काहीच नाही.

"मंग ते कुनाचं व्हतं गं?"

"माहीत नाही आत्याबाई. असेल तिकडच्या कुणाचं."

"लय चांगलं राखलंय त्येनं," त्या म्हणाल्या. "पडीक वीतबर बी न्हवतं."

मग त्यांनी आपला हात माझ्या हातातून काढून घेतला आणि हवेत पुढे धरला. "दगडा, कुठं हाईस? मला घराकडं न्ये."

दगडाबाईंनी त्यांचा हात धरला. दोघी बांधावरून चालू लागल्या, एक पुढे, एक मागे, कारण बांध तेवढाच रुंद होता. मी नंदिनीला घेऊन मागून निघाले. दहा पावलं अंतर ठेवून. बोलायला तोंड नव्हतं आणि मागे राहायला जागा नव्हती. बाभळींची सावली संपली तशी आत्याबाई थांबल्या. वळल्या नाहीत.

"पंकजे," त्या पुढे बघूनच म्हणाल्या, "लेकराच्या डोस्क्यावर पदर धर. ऊन हाय."